समोर बसून ऐकणाऱ्या डॉक्टर : फ्रीडा फ्रॉम-राइखमान

शिरूरचे ग्रामीण रुग्णालय असो की दौंडचे उपजिल्हा रुग्णालय, स्किझोफ्रेनिया म्हणजे छिन्नमनस्कता झालेल्या माणसाला घेऊन येणाऱ्या नातेवाइकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला म्हणजे, गोळ्या किती दिवस घ्यायच्या? दुसरा थोडा दबक्या आवाजात येतो, की याच्याशी बोलून काही उपयोग आहे का? कानात आवाज येतात म्हणणाऱ्या, शेजारी आपल्या जेवणात काही कालवतात असा संशय घेणाऱ्या, महिनोन्महिने कोपऱ्यात बसून राहणाऱ्या मुलाशी बोलायचे तरी काय, हे घरच्यांना कळत नाही. मग घरात त्याच्याविषयी बोलणे खूप होते, त्याच्याशी बोलणे मात्र हळूहळू थांबते.

या दुसऱ्या प्रश्नाला एका डॉक्टरबाईंनी आपले सारे आयुष्य दिले. त्यांचे नाव फ्रीडा फ्रॉम-राइखमान. त्यांच्या उत्तरातला एक भाग आजही उपयोगाचा आहे. दुसरा भाग चुकीचा ठरला आणि त्याने असंख्य आयांना दुःख दिले. दोन्ही भाग समजून घेण्यासारखे आहेत, कारण आपल्याकडेही ते वेगळ्या नावांनी रोज भेटतात.

युद्धातले पहिले धडे

फ्रीडा यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८८९ रोजी जर्मनीतील कार्ल्सरुहे येथे एका धार्मिक ज्यू कुटुंबात झाला. तीन बहिणींत त्या थोरल्या. त्यांचे बालपण पूर्व प्रशियातील क्योनिग्जबर्ग या शहरात गेले. आज ते कालिनिनग्राद या नावाने रशियात आहे. प्रशियातील विद्यापीठांनी १९०८ साली मुलींना रीतसर प्रवेश द्यायला सुरुवात केली आणि वैद्यकीच्या वर्गात बसणाऱ्या सुरुवातीच्या मोजक्या मुलींमध्ये फ्रीडा होत्या. उंचीने ठेंगण्या, पण कामाला खंबीर अशी त्यांची ख्याती पुढे जन्मभर राहिली.

त्या डॉक्टर झाल्या आणि लगेच पहिले महायुद्ध पेटले. डोक्याला मार लागलेले, मेंदूला इजा झालेले सैनिक मोठ्या संख्येने येऊ लागले. अशा सैनिकांच्या रुग्णालयाची जबाबदारी तरुण फ्रीडांवर आली. स्त्री असल्यामुळे लष्करात त्यांना अधिकृत पद मिळणे शक्य नव्हते, पण प्रत्यक्ष काम त्याच पाहत होत्या. पुढे फ्रँकफुर्टमध्ये त्यांनी मेंदूविकारतज्ज्ञ कुर्ट गोल्डस्टाइन यांच्यासोबत काम केले. मेंदूला इजा झालेल्या माणसाला न झेपणारे काम सांगितले की तो घाबरून पार कोसळतो आणि झेपेल तेवढेच सांगितले की शांत राहतो, हे गोल्डस्टाइन यांचे मोठे निरीक्षण होते. बाहेरून वेडेवाकडे दिसणारे वागणे ही पुष्कळदा तोल सांभाळण्याची धडपड असते, हा धडा फ्रीडांनी तिथून घेतला. तो त्यांना पुढे छिन्नमनस्कतेच्या रुग्णांसाठी उपयोगी पडला.

युद्धानंतर त्यांनी ड्रेस्डेनजवळच्या एका आरोग्यधामात काम केले आणि बर्लिनमध्ये फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाचे शिक्षण घेतले. १९२४ साली हायडेलबर्ग येथे त्यांनी स्वतःचे छोटे उपचारगृह सुरू केले. तिथे ज्यू धर्माचे आचार आणि मनोविश्लेषण एकाच छताखाली नांदत. त्यांच्याकडे उपचारांसाठी येणाऱ्यांत त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान असलेले एरिक फ्रॉम हे अभ्यासकही होते. उपचार थांबवून १९२६ साली दोघांनी लग्न केले. आजच्या वैद्यकीय नीतीत हे मुळीच बसणारे नाही. हेच फ्रॉम पुढे जगप्रसिद्ध विचारवंत झाले. लग्न फार टिकले नाही. काही वर्षांत दोघे वेगळे झाले आणि १९४२ साली रीतसर घटस्फोट झाला, पण त्यांचा स्नेह टिकून राहिला. उपचारगृहही १९२८ साली बंद पडले.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. ज्यू डॉक्टरांना जर्मनीत जागा उरली नाही. फ्रीडा सीमा ओलांडून फ्रान्समधील स्ट्रासबर्गला गेल्या, तिथून पॅलेस्टाइनला आणि १९३५ साली अमेरिकेला पोहोचल्या. तेव्हा त्या पंचेचाळिशीत होत्या. देश सुटलेला, संसार मोडलेला, भाषा परकी. वॉशिंग्टनजवळच्या रॉकव्हिल गावातील चेस्टनट लॉज या खासगी मनोरुग्णालयात त्यांना उन्हाळ्यापुरते तात्पुरते काम मिळाले. तिथे त्या पुढची बावीस वर्षे, मृत्यूपर्यंत राहिल्या.

कुलपाऐवजी खुर्ची

चेस्टनट लॉजची इमारत मुळात एक हॉटेल होते. त्याचे मनोरुग्णालय करणाऱ्या बुलार्ड कुटुंबातील डॉ. डेक्स्टर बुलार्ड यांनी फ्रीडांना मोकळीक दिली आणि आवारातच राहायला एक छोटे घर बांधून दिले.

त्या काळात छिन्नमनस्कतेवर औषध नव्हते. मोठ्या सरकारी मनोरुग्णालयांत हजारो माणसे नुसती सांभाळली जात. इन्शुलिन देऊन बेशुद्ध करणे, विजेचा झटका देणे असे उपचार याच दशकात आले. १९३६ साली वॉशिंग्टनमध्ये, म्हणजे रॉकव्हिलपासून थोड्याच अंतरावर, अमेरिकेतील पहिली लोबोटॉमी झाली. या शस्त्रक्रियेत मेंदूच्या पुढच्या भागातील जोडण्या तोडत. रुग्ण शांत होई, पण अनेकदा त्याच्यातले माणूसपणही विझून जाई. या शस्त्रक्रियेची सुरुवात करणाऱ्या पोर्तुगीज डॉक्टरांना १९४९ साली नोबेल पारितोषिकही मिळाले.

बोलून उपचार करणारेही या रुग्णांच्या वाटेला जात नसत. असा रुग्ण स्वतःतच इतका गुरफटलेला असतो की डॉक्टरशी त्याचे नातेच जुळत नाही, म्हणून त्याला मनोविश्लेषणाचा उपयोग नाही, असे खुद्द फ्रॉइडचे मत होते. फ्रीडांनी आपल्या गुरूचे हे मत मानले नाही. रुग्णाला नाते नको असते असे नाही, तर नात्याची त्याला भीती वाटते, असे त्यांचे म्हणणे होते. एकटेपणा त्याला असह्य होतो आणि जवळीकही असह्य होते. म्हणून जवळ कधी यायचे आणि किती यायचे, हे त्यालाच ठरवू द्यावे, डॉक्टरने फक्त तिथे असावे. हॅरी स्टॅक सलिव्हन हे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ याच विचाराचे होते. दोघांची चांगली गट्टी जमली.

प्रत्यक्षात हे काम कसे चाले? एका रुग्णासाठी आठवड्यातले चार-पाच तास. रुग्णाला कोचावर झोपवून आपण मागे बसायचे, ही मनोविश्लेषणाची पद्धत त्यांनी या रुग्णांसाठी सोडून दिली. त्या समोर बसत. रुग्णाला बसवत नसेल तर त्याच्याबरोबर आवारात फिरत. काही रुग्ण महिनोन्महिने तोंड उघडत नसत, काही नुसत्या शिव्या देत. फ्रीडा तरीही ठरल्या वेळी जात आणि ठरला वेळ तिथे थांबत.

त्यांचे काही नियम साधे होते. न कळलेली गोष्ट कळली असे दाखवायचे नाही. पाळता न येणारे वचन द्यायचे नाही. खोटी सलगी करायची नाही, कारण या रुग्णांना खोटेपणा फार लवकर कळतो. आणि भासांच्या बाबतीत सर्वात महत्त्वाचा नियम असा, की रुग्णाला ऐकू येणारा आवाज आपल्यालाही येतो असे सांगायचे नाही आणि त्याला तो येतच नाही असा वादही घालायचा नाही. मला तो आवाज येत नाही, पण तुम्हाला येतो हे मला मान्य आहे, त्याचा त्रास कधी आणि कसा होतो ते आपण मिळून पाहू, अशा अर्थाचे बोलायचे. १९५० साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात या साऱ्या पद्धतीची मांडणी आहे. मानसोपचार शिकणाऱ्या अनेक पिढ्यांनी ते वाचले.

सोळा वर्षांची मुलगी

१९४८ साली चेस्टनट लॉजमध्ये सोळा वर्षांची एक मुलगी दाखल झाली. तिचे नाव जोआन ग्रीनबर्ग. तिने मनात स्वतःचे एक वेगळे राज्य उभारले होते. त्याचे देव वेगळे, भाषा वेगळी. ते राज्य आधी तिचा आसरा होते आणि नंतर तुरुंग झाले. फ्रीडांनी तिच्यावर काही वर्षे उपचार केले. औषध नव्हतेच. मुलगी हळूहळू बाहेर आली, महाविद्यालयात शिकली, लग्न केले, लेखिका झाली. दोघींनी मिळून या उपचारांवर एक पुस्तक लिहायचे ठरवले होते, पण त्याआधीच फ्रीडा गेल्या. १९६४ साली जोआनने टोपणनावाने कादंबरी लिहिली. त्या कादंबरीतल्या डॉक्टर म्हणजे फ्रीडा. पुस्तक जगभर वाचले गेले, त्यावर १९७७ साली चित्रपटही आला.

बरे झाल्यावर जग गुलाबाच्या बागेसारखे सुंदर होईल, असे आश्वासन त्या डॉक्टर देत नाहीत, हे या कादंबरीचे मर्म आहे. त्या देतात ती लढण्याची ताकद. इथे एक गोष्ट सांगायला हवी. पुढे काही मनोविकारतज्ज्ञांनी कादंबरीतील लक्षणे तपासून, हा आजार छिन्नमनस्कता नसावा असे मत मांडले. त्यामुळे एका मुलीच्या बरे होण्यावरून सगळ्या रुग्णांसाठी निष्कर्ष काढता येत नाही.

आईवर आलेला दोष

आता फ्रीडांच्या कामाची दुसरी बाजू. हा आजार लहानपणच्या बिघडलेल्या नात्यांतून येतो, असे त्या मानत. १९४८ सालच्या एका लेखात त्यांनी थंड, वरचष्मा गाजवणाऱ्या, मुलाला दूर लोटणाऱ्या आईचा उल्लेख केला आणि छिन्नमनस्कता निर्माण करणारी आई अशा अर्थाचा शब्द वापरला. त्यांच्या लिखाणात त्याला फार जागा नव्हती. पण शब्द सुटला आणि पसरला. पुढची पंचवीस-तीस वर्षे अमेरिकेत मुलाला घेऊन येणाऱ्या आईकडे डॉक्टर संशयाने पाहू लागले. आजारी मुलाचे दुःख होतेच, त्यावर आपणच हे केले ही टोचणीही त्या आयांच्या वाट्याला आली.

हा सिद्धांत टिकला नाही. १९६६ साली अमेरिकेतील लिओनार्ड हेस्टन यांनी एक साधा पण निर्णायक अभ्यास प्रसिद्ध केला. छिन्नमनस्कता असलेल्या आयांच्या पोटी जन्मलेली, पण जन्मानंतर लगेच आईपासून दूर नेऊन दुसरीकडे वाढवलेली ४७ मुले त्यांनी मोठेपणी शोधली. त्यांतल्या ५ जणांना हा आजार झालेला होता. आजार नसलेल्या आयांची तशीच दुसरीकडे वाढलेली ५० मुले पाहिली, तर त्यांत एकालाही नव्हता. म्हणजे ज्या आईने मुलाला वाढवलेच नाही, तिच्या वागण्याचा यात संबंध नव्हता. मुलाकडे आला होता तो आनुवंशिक धोका. पुढच्या अनेक अभ्यासांनी हेच दाखवले. सर्वसाधारण माणसांत या आजाराचा धोका शंभरात सुमारे एक असतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला आजार असेल तर मुलात तो शंभरात सुमारे दहापर्यंत जातो. याचाच अर्थ, अशा दहांपैकी नऊ मुलांना आजार होत नाही. आनुवंशिकतेच्या जोडीला गर्भावस्थेतील आणि बाळंतपणातील अडचणी, गांजासारखी व्यसने आणि जीवनातील तीव्र ताण हे घटकही धोका वाढवतात.

आपल्याकडे आईला दोष देण्यासाठी कोणी फ्रीडांचा लेख वाचलेला नसतो, पण दोष बाईवरच येतो. आईने लाडावून ठेवला, सुनेचा पायगुण वाईट, मुलगी फार शिकली म्हणून डोक्यावर परिणाम झाला, अशी कारणे गावोगाव ऐकू येतात. लग्न लावून दिले की सुधारेल, हा सल्लाही त्याच जातीचा. त्यात आजार लपवला जातो आणि दोन घरे पोळतात. हा मेंदूच्या कामकाजाशी जोडलेला आजार आहे, त्यात कुणाचा गुन्हा नाही, हे घरच्यांना स्पष्ट सांगणे हा उपचाराचाच भाग आहे.

गोळी आली तेव्हा

१९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांसाठी वापरले गेले आणि चित्र पालटले. भास आणि भ्रम पहिल्यांदाच औषधाने आटोक्यात येऊ लागले. वर्षानुवर्षे कोंडलेली माणसे घरी जाऊ लागली. चेस्टनट लॉजमध्ये मात्र औषधाचे स्वागत थंडच झाले. औषधाने रुग्ण गप्प होईल आणि त्याच्या मनापर्यंत पोहोचण्याची वाट बंद होईल, अशी तिथल्या अनेकांची धारणा होती.

खरे काय ते मोजूनच ठरणार होते. कॅलिफोर्नियातील फिलिप मे यांनी नव्याने दाखल झालेल्या २२८ रुग्णांची पाच गटांत विभागणी केली. कुणाला फक्त औषध, कुणाला फक्त संभाषणातून उपचार, कुणाला दोन्ही, कुणाला विजेचे उपचार, तर कुणाला केवळ रुग्णालयातील नेहमीची देखभाल. १९६८ साली निकाल आले. औषध मिळालेले दोन्ही गट पुढे होते. औषधाविना नुसत्या बोलण्याने फारसा फरक पडला नव्हता. १९८४ साली चेस्टनट लॉजच्याच जुन्या रुग्णांचा मागोवा प्रसिद्ध झाला. छिन्नमनस्कतेच्या सुमारे दोन तृतीयांश रुग्णांची स्थिती अनेक वर्षांनंतरही जेमतेम किंवा त्याहून वाईट होती. तिथे मुळातच फार गंभीर रुग्ण येत, हे खरे. पण जगातील उत्तम मानल्या गेलेल्या संभाषण-उपचारांनीही त्यांचा आजार हटला नव्हता, हेही खरे.

हे निकाल पाहायला फ्रीडा नव्हत्या. शेवटच्या वर्षांत त्यांना कमी ऐकू येऊ लागले होते. हा दोष त्यांच्या घराण्यातच होता. ज्यांचे सारे काम कानांवर चालायचे, त्यांचे कानच साथ सोडत होते. याच काळात त्या एकटेपणावर लिहीत होत्या. साध्या एकांताहून वेगळा, दुसऱ्याला सांगताही न येणारा एकटेपणा हा गंभीर मनोविकारांतील सर्वात दुर्लक्षित अनुभव आहे, असे त्यांचे मांडणे होते. तो निबंध त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. २८ एप्रिल १९५७ रोजी वयाच्या ६७व्या वर्षी, चेस्टनट लॉजच्या आवारातील आपल्या घरीच, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. चेस्टनट लॉज २००१ साली बंद पडले आणि २००९ साली मुख्य इमारत आगीत जळाली. फ्रीडांचे छोटे घर मात्र आजही जपलेले आहे.

त्यातून घ्यायचे काय?

औषध आल्यावर संभाषण कालबाह्य झाले, असे काही काळ वाटले. तसे झाले नाही. औषधाने आवाज थांबले तरी माणसाला पुन्हा कामावर जायचे असते, लोकांत मिसळायचे असते, गेलेल्या वर्षांचे दुःख पचवायचे असते. काहींचे आवाज औषध घेऊनही पूर्ण थांबत नाहीत. त्यामुळे आज ब्रिटनमधील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत औषधांच्या जोडीने रुग्णाशी एकास एक अशी किमान सोळा सत्रे आणि कुटुंबासाठी मार्गदर्शन सुचवलेले आहे. ही सत्रे फ्रीडांच्या पद्धतीहून वेगळी असतात. बालपण खोदण्यापेक्षा आजचा त्रास, त्यामागचा विचार आणि त्याला तोंड देण्याचा मार्ग यांवर त्यांत भर असतो. अमेरिकेत पहिल्यांदाच आजारी पडलेल्या ४०४ तरुणांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. नेमके औषध, वैयक्तिक समुपदेशन, कुटुंबाला माहिती आणि नोकरी-शिक्षणाला मदत असे सारे एकत्र मिळालेले रुग्ण नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा अधिक सावरले होते.

हे महागड्या देशांतच शक्य आहे का? आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, तसेच गोवा आणि तमिळनाडूतील कांचीपुरम येथे मिळून २८२ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रशिक्षण दिलेले गावपातळीवरचे कार्यकर्ते रुग्णाच्या घरी जात, त्याच्याशी आणि घरच्यांशी बोलत, औषधांची आठवण देत, कामाला लागायला मदत करत. डॉक्टरांचे उपचार चालूच होते. वर्षभराने या रुग्णांची लक्षणे आणि परावलंबन, दोन्ही फक्त दवाखान्यात येणाऱ्यांपेक्षा कमी होते. फरक माफक होता आणि तो मुख्यतः कांचीपुरममध्ये दिसला. पण घरी जाऊन ऐकण्यासाठी प्रत्येक वेळी मनोविकारतज्ज्ञच लागतो असे नाही, एवढे त्यातून कळले.

शिरूर आणि दौंड तालुक्यांसाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. हा आजार बहुधा पंधरा ते तिशीच्या दरम्यान सुरू होतो. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत याच वयाची मुले परगावाहून येऊन खोली घेऊन राहतात. एखादा झोपेनासा झाला, कामावर जाईनासा झाला, स्वतःशी पुटपुटू लागला तर ते ओळखणारे आईवडील जवळ नसतात. असतात ते खोलीतले मित्र आणि घरमालक. त्यांनी ओळखून दवाखान्यात आणले तर येरवड्याच्या मनोरुग्णालयापर्यंत जाण्याची वेळ बहुधा येत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून सरकारी रुग्णालयांत औषधे मिळू शकतात. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मराठीतही बोलता येते. देवऋषाकडे, जत्रेला, नवसाला ज्यांना जायचे ते जातील, पण त्यासाठी गोळी थांबवू नये आणि रुग्णाला बांधून तर मुळीच ठेवू नये. बरे वाटले म्हणून औषध परस्पर बंद करणे हे आजार उलटण्याचे सर्वात नेहमीचे कारण आहे.

आणि घरच्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर? बोलण्याचा उपयोग आहे, पण गोळीच्या जागी नाही, गोळीच्या जोडीला. रोज ठरावीक वेळी पंधरा मिनिटे जवळ बसावे. तो बोलला नाही तरी चालेल. संशयाला होकार देऊ नये आणि त्याच्याशी हुज्जतही घालू नये. भीती वाटते का, झोप लागली का, हे विचारावे. झेपेल एवढेच काम सांगावे आणि केले की तसे म्हणावे. चारचौघांत टोमणे मारू नयेत. सतत टीका होणाऱ्या घरात आजार लवकर उलटतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. यात दोष द्यायचा हेतू नाही. आजार कुणामुळे झाला हे घराच्या हातात नव्हते. तो पुढे कसा चालेल, यातला काही भाग मात्र घराच्या हातात असतो.

फ्रीडांना आजाराचे कारण चुकीचे कळले होते. रुग्ण मात्र बरोबर कळला होता. सगळ्यांनी आशा सोडलेल्या माणसाच्या आतही ऐकणारा आणि ओळखणारा कोणीतरी असतो, यावर त्यांचा विश्वास होता. आज औषध आहे, कारणांची समजही वाढली आहे. त्यांच्याकडून घ्यायची राहिलेली गोष्ट एवढीच, की दवाखान्यातल्या आणि घरातल्याही गर्दीत त्या माणसासमोर एक खुर्ची ओढून बसावे.